पेंटरने आठ गाळलेला नाही

तुम्ही विचारलंत म्हणून, आणि दूधवाला, कुरिअरवाला, सोसायटीचे सेक्रेटरी, आमचे व्याही अशा सगळ्यांचं विचारून झालंय म्हणून, एकदाच सांगतो. दारावरच्या पाटीत माझ्या नावाखाली जो आकडा आहे, १२३४५६७९००९८७६५४३२१, तो बरोबर आहे. पेंटरने आठ गाळलेला नाही. मधली दोन शून्यं त्याच्या पदरची नाहीत.

१ हा आकडा ओळीने दहा वेळा लिहा आणि त्या संख्येचा वर्ग करा. बस्स. नऊ एकांपर्यंत सगळं देखणं असतं: १२१, १२३२१, असं करत करत १२३४५६७८९८७६५४३२१. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी यांना ‘डेमलो संख्या’ म्हटलं. जुन्या जी.आय.पी. रेल्वेच्या डेमलो, म्हणजे आताच्या डोंबिवली स्टेशनावर त्यांना हे सुचलं असं सांगतात. मी डोंबिवलीचाच मास्तर, त्यामुळे हा घरचा माल. दरवर्षी आठवीच्या फळ्यावर हा मनोरा रचायचो आणि खडूचे हात झटकत म्हणायचो, “पुढे असंच.”

एका वर्षी एका मुलीने दहा एकांचा गुणाकार करून आणला. मी सांगितला नव्हता. वही आडवी धरून, एकांच्या दहा ओळींचा जिना. उत्तर पाटीवरचंच. मी तांबडी फुली मारून लिहिलं, ‘हातचा चुकला’. वर वही उंच धरून वर्गाला दाखवली. मुलं हसली. ती म्हणाली, “सर, मी तीनदा केलंय.” मी म्हणालो, “मग तीनदा चुकलीस.”

रात्री झोप येईना. कॅल्क्युलेटर आठ आकडी, त्याने हात टेकले. कागद घेऊन बसलो. मधल्या घराची बेरीज दहा. शून्य लिहायचं, हातचा एक. डावीकडच्या नवात तो मिळवला की तेही दहा. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. पुढच्या आठाचे नऊ होतात आणि प्रकरण थांबतं. आठ गळालेला नव्हताच, त्याचा नऊ झाला होता. हातचा मीच धरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी फुली खोडली, बरोबरची खूण केली, वही तिच्या बाकावर ठेवली. वर्गात अवाक्षर काढलं नाही. साठ मुलं, राहिलेला पोर्शन, तोंडावर आलेली तपासणी. ही कारणं खोटी नव्हती. पण फुली सगळ्यांदेखत आणि बरोबर मात्र गुपचूप, याला काय म्हणायचं? त्यानंतर वर्षभर तिने हात वर केला नाही. आठवीत मुली गप्प होतातच, असं मी म्हणतो. बायको म्हणते, असं म्हणू नका.

पाटी प्रायश्चित्त म्हणून लावलेली नाही. मला हा आकडा नऊ एकांच्या वर्गापेक्षा खरोखर जास्त आवडतो. १ ला ८१ ने भागून बघा: ०.०१२३४५६७९०१२३४५६७९... तिथेही आठ गायब, त्याच हातच्यापायी.

रंगवताना पेंटरही थबकला होता. “सर, आठ राहिला.” मी कागद-पेन्सिल पुढे केली. त्याने घेतली नाही. म्हणाला, “तुम्ही मास्तर. तुम्ही म्हणाल ते बरोबर.”