जाळं कोरडं होतं

'सागर कवच' या किनारी सुरक्षेच्या सरावात लाल दलाने अतिरेकी बनून किनाऱ्यावर शिरायचं आणि आपण सागरी पोलिसांनी निळं दल म्हणून अडवायचं. लाल दल कुठल्या बोटीतून येणार, हे आम्हाला कोणी सांगत नाही.

त्या पहाटे ओहोटी लागली होती. 12 टनी गस्ती नौका खाडीच्या गाळात बसली, तर भरतीपर्यंत हलत नाही. म्हणून ती रात्रीच बाहेर काढून ठेवली होती. खाडीच्या तोंडाशी आम्ही 5 टनी नौकेवर. 20 मीटरपेक्षा लहान मासेमारी बोटींना एआयएसची, म्हणजे बोटीची ओळख आणि ठिकाण आपोआप कळवणाऱ्या यंत्राची, सक्ती नाही, आणि लाटा असल्या की त्या रडारवर धड दिसतही नाहीत. तिथे डोळ्यांवरच भिस्त.

परतणाऱ्या बोटींत एक आली. नंबर बरोबर, नोंदणी बरोबर, खलाशांची कार्डंही होती. सोडणार, एवढ्यात सागर सुरक्षा दलातले, म्हणजे पोलिसांना मदत करणाऱ्या कोळ्यांपैकी, आमच्यासोबतचे तांडेलमामा (तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख) म्हणाले, "सायब, जाळं बघा."

हात लावला. कोरडं ठणठणीत. रात्रभर मासेमारी केली म्हणतात आणि जाळ्याला ओल नाही! मासळीच्या खणात बर्फाच्या लाद्यांच्या कडासुद्धा शाबूत. "किती वाव पाण्यात जाळं टाकलं?" असं (वाव म्हणजे खोली मोजायचं माप) दोघांना वेगवेगळं विचारलं, तर उत्तरं जुळेनात. जाळ्याखाली खोटा बॉम्ब निघाला. ते लाल दलच होतं.

2008 मध्ये 10 अतिरेकी पोरबंदरच्या 'कुबेर' बोटीतून मुंबईजवळ आले. ती बोट आपलीच होती. तांडेलाला त्यांनी जिवंत ठेवलं ते मुंबई गाठेपर्यंत. नुसत्या कागदांवर भरवसा ठेवला, तर तशी बोट आजही सुटेल. त्या हल्ल्यानंतर समुद्र वाटून दिला गेला: 12 सागरी मैलांपर्यंत सागरी पोलीस, पुढे तटरक्षक दल, एकूण जबाबदारी नौदलाची. वाटणी योग्यच आहे. पण बोटीवर चढल्यावर काय बघायचं, ते कोळीबांधवांकडूनच शिकावं लागतं. त्यांना मी आमच्या गस्तीचाच भाग मानतो.

खरी चूक सापडली ती धक्क्यावर. बोटींची ये-जा नोंदवायच्या टोकनच्या वहीत जाताना फक्त माणसांची संख्या लिहीत होते. गेले 5, आले 5, नोंद पूर्ण. पण आले ते तेच 5 होते का, हे वहीवरून कळत नव्हतं. दुपारी शिपायाने पट्टी घेऊन वहीच्या प्रत्येक पानावर नाव आणि कार्ड क्रमांकाचे रकाने आखायला घेतले.