साडेपाचनंतरचा भाव

२०२४ च्या आंबिया बहाराला, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडी निघणाऱ्या संत्र्याच्या हंगामात, काटोलकडच्या एका बागेत आम्ही अकरा जणी माल निवडायला होतो. रोजी ३६० रुपये. सकाळी आठला झाडाखाली बसायचं, लहान-मोठी संत्री वेगळी करायची, कॅरेट भरायचे. बोली साडेपाचपर्यंतची, पण ट्रक भरून निघेस्तोवर साडेआठ व्हायचे. बावीस दिवस असंच चाललं. जास्तीचं काय मिळालं? चहा, आणि घरी न्यायला फुटका माल.

हिशेबाच्या दिवशी व्यापाऱ्याला विचारलं, "शेठ, रात्रीचं काय?"

"तुमाले कायचा ओव्हरटाइम? इथं का कंपनी हाय?"

मलाही तेव्हा खरंच वाटलं, शेतात कुठला ओव्हरटाइम! पुढच्या एप्रिलमध्ये मामेभाऊ आला, तो नागपुरात कामगार संघटनेचं काम करतो. त्यानं सांगितलं, किमान वेतन कायदा १९४८ चा आहे आणि शेतीकाम त्याच्या अनुसूचीतच, म्हणजे तो ज्यांना लागू होतो त्या कामांच्या यादीतच आहे. फक्त सहा महिन्यांच्या आत दावा टाकायचा. बोटांवर महिने मोजले, पाच होत आले होते.

अकरा जणींचा एकच अर्ज चालतो, हे बरं झालं. नाहीतर अकरा रोज्या बुडवून नागपूर कोणी गाठलं असतं? पावती, हजेरीपत्रक आमच्याकडे काहीच नव्हतं. होती ती माझ्या पोरीची गणिताची वही. तिच्या मागच्या पानांवर मी रोज सुटल्याची वेळ लिहायची, हात तसेच. सालीच्या तेलाचे पिवळे डाग पडलेले, दोन ठिकाणी शाई फुटलेली. ते पान दाव्याची सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी खिडकीच्या उजेडात धरून वाचलं.

व्यापारी म्हणाला, हे शेतीकाम नाहीच, माझा माल भरायचं काम आहे. भावानं अनुसूची पुढे ठेवली. शेतावरच बाजारासाठी माल तयार करणं, तो गाडीपर्यंत पोचवणं, हेही तिथं शेतीकामातच धरलंय. वर म्हणाला, "केंद्राच्या नियमांत शेतीला दीडपट आहे, यादीतल्या बाकी कामांना दुप्पट. यांचं काम शेतीचं नाही म्हणता, मग दुप्पट मोजू का?" शेठ पुढं बोलला नाही.

एक गोष्ट मात्र अजून खटकते. किमान दरापेक्षा कमी मजुरी दिली तर त्या कायद्यात दहापटीपर्यंत भरपाई होती, आणि नुसता ओव्हरटाइम बुडवला तर फार तर दहा रुपये. दहापट नाही, दहा रुपये!

सुनावणीच्या तिसऱ्या तारखेला शेठनं निकालाआधीच पैसे मोजले. तासाला ६० प्रमाणे, ६६ तासांचे ३,९६० रुपये प्रत्येकीला.

यंदा त्यानं आमच्यातल्या एकीलाही बोलावलं नाही. त्या जुन्या कायद्याच्या जागी २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली, तिच्यात ओव्हरटाइम दुप्पट आणि दाव्याला तीन वर्षं आहेत. दुसऱ्या बागेत बोली ठरवताना मी आधीच विचारलं, "साडेपाचनंतरचा भाव काय?" जाऊबाईंनी लगेच पिशवीतून नवी वही काढली.