शिकाऊ दंत ओपीडी: पेशंटने काय मागावं, विभागाने काय द्यावंच

दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत विद्यार्थी काम करतो, त्यामुळे वेळ जास्त लागतो आणि खेपाही वाढतात. ते समजण्यासारखं आहे. पण कामाचा दर्जा कमी असला तरी चालेल, असं कुठेच नाही. फी कमी घेतली म्हणूनही नाही.

संमतीचंच बघा. फॉर्मवर सही म्हणजे संमती नव्हे. दाताला काय झालंय, पर्याय कोणते, काहीच केलं नाही तर काय होईल, खर्च किती, काम कितव्या वर्षाचा विद्यार्थी करणार आणि त्याच्यावर देखरेख कोणाची, हे पेशंटला कळेल अशा भाषेत आधी सांगायचं आणि मग सही घ्यायची. खुर्ची आडवी करून, जबडा बधिर झाल्यावर पुढे सरकवलेल्या कागदाला काही अर्थ नाही. दिलेली संमती उपचार चालू असतानाही मागे घेता येते. बघायला आलेले इतर विद्यार्थी भोवती नकोत, असंही सांगता येतं.

देखरेख हा सगळ्यात नाजूक भाग. शिक्षक विभागात हजर आहेत एवढ्याने देखरेख होत नाही. रूट कॅनॉल घ्या. निदान व एक्स-रे, दात उघडणं, मुळाची लांबी मोजणं, मास्टर कोनचा (मूळ भरायच्या मुख्य काडीचा) एक्स-रे, भरल्यानंतरचा एक्स-रे, या प्रत्येक टप्प्यावर शिक्षकांनी स्वतः पाहून सही करायची आणि मगच पुढचं पाऊल टाकायचं. सगळ्या सह्या संध्याकाळी एकदम झाल्या तर त्या निरुपयोगी, कारण चूक सुधारायची वेळ तोवर निघून गेलेली असते. लांबी साधारणपणे मुळाच्या टोकाच्या ०.५ ते १ मिमी अलीकडे ठेवतात. ती फार कमी धरली तर टोकाजवळचा संसर्ग तसाच राहतो. जास्त धरली तर फाइल (मूळ आतून साफ करायची सुईसारखी बारीक हत्यार) टोकाबाहेर जाते आणि हायपोक्लोराइट हे मूळ धुण्याचं द्रावणही बाहेर पडू शकतं. तसं झालं तर तत्क्षणी प्रचंड वेदना आणि सूज. रबर डॅम (दाताभोवती ताणून बसवायचा रबरी पडदा) लावायचा कंटाळा तर अजिबात चालवून घेऊ नये: हातातून निसटलेली बारीक फाइल थेट घशात जाऊ शकते.

दात काढताना चुकीचा दात निघण्याची भीती खरी आहे. दातांना आकडे देण्याच्या पामर पद्धतीत चारही बाजूंच्या पहिल्या मोठ्या दाढेला ६ हाच आकडा असतो, फरक फक्त आकड्याशेजारच्या, बाजू दाखवणाऱ्या कोनाच्या रेघेचा. म्हणून फोरसेप्स (दात काढायचा चिमटा) उचलण्याआधी केसपेपर आणि एक्स-रे ताडून पाहायचा, पेशंटला बोटाने दात दाखवायला लावायचा.

हत्यारांचं पाऊच समोर फोडायला सांगा. पाऊच ओलं किंवा फाटलेलं असेल तर आतलं हत्यार निर्जंतुक धरायचं नाही. वरच्या पट्टीचा रंग बदलला याचा अर्थ ते ऑटोक्लेव्हमधून (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रातून) गेलं, एवढाच. जंतू मेले की नाही हे स्पोअर टेस्टने (चिवट जंतूंचे बीजाणू यंत्रात ठेवून ते मरतात का पाहण्याच्या चाचणीने) कळतं आणि ती दर आठवड्याला व्हायला हवी. हँडपीस (दात कोरायच्या ड्रिलचा हातात धरायचा भाग) नुसता स्पिरिटने पुसून पुढच्या पेशंटला वापरणं चूकच. तो थांबताना लाळ आत ओढली जाऊ शकते आणि तिथवर कापूस पोचत नाही.

आता कोट्याबद्दल. विद्यार्थ्याला ठरावीक केसेस पुऱ्या कराव्या लागतात, पण उपचार दाताच्या गरजेनुसार ठरला पाहिजे. साध्या फिलिंगने भागत असताना रूट कॅनॉल सुचवला, किंवा वाचू शकणारा दात काढायला निघाले, तर दुसऱ्या शिक्षकांचं मत मागावं. ते मागण्यात संकोच कसला?

सत्र संपलं की अर्धवट कामं लोंबकळतात, आणि यात पेशंटचं सर्वाधिक नुकसान होतं. तात्पुरतं सिमेंट काही दिवस, फार तर दोन-तीन आठवड्यांपुरतं असतं. नंतर ते झिरपतं, कॅनॉलमध्ये (मुळातल्या नळीत) पुन्हा संसर्ग होतो आणि पोकळ झालेला दात चावताना तुटू शकतो. त्यामुळे विद्यार्थी बदलण्याआधी केसपेपरवर लेखी नोंद हवी: किती कॅनॉल सापडले, प्रत्येकाची लांबी, आत ठेवलेलं औषध, पुढची तारीख, पुढच्या विद्यार्थ्याचं आणि जबाबदार शिक्षकांचं नाव. या नोंदीची आणि एक्स-रेची प्रत पेशंटने मागून घ्यावी.