आमची वाटचाल : भिजलेल्या बिलबुकांतून उभी राहिलेली यादी

सांगलीच्या गणपती पेठेत आमचा हळद आणि बेदाण्याचा धंदा आजोबांच्या काळापासून आहे. मार्केट यार्डातल्या सौद्यात माल घ्यायचा, हळकुंडं दळून पूड करायची, बेदाणा निवडून प्रतवारी लावायची आणि विकायचं. बेकरी, मिठाई आणि मसालेवाले पोत्यांनी, पेट्यांनी नेतात. घरगुती गिऱ्हाईक वर्षाची हळद आणि किलोभर बेदाणा मागवतं.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पेठेत पाणी शिरलं. मालाबरोबर बिलबुकंही भिजली. पाणी ओसरल्यावर ती वाळवून पत्नीने आणि पुतण्याने वाचता येतील तेवढी नावं, फोन आणि ई-मेल संगणकावर उतरवले. पुन्हा पूर आला तरी आपलं गिऱ्हाईक कोण हे हातात राहावं, एवढाच तेव्हाचा हेतू. त्या यादीवर ई-मेलने पहिलं पत्र गेलं ते असं : दुकान सुरू झालं आहे, माल नवा आहे, भिजलेला एक दाणाही विक्रीला नाही. लोकांनी उलट उत्तरं पाठवली, ख्यालीखुशाली विचारली, काहींनी त्याच उत्तरात ऑर्डर दिली. यादीची ताकद मला तिथे दिसली.

व्हॉट्सअ‍ॅप आम्हीही वापरतो. पण मोठ्या खरेदीदाराकडे दरपत्रक, हळदीचा कर्क्युमिन (हळदीला पिवळा रंग देणारा घटक) अहवाल, जीएसटी बिल हे सगळं ई-मेलमध्येच जपलं जातं. खरेदी बघणारा माणूस नोकरी सोडून गेला तरी कंपनीच्या पत्त्यावरचं जुनं पत्र नव्या माणसाला सापडतं. घाऊक धंद्यात याचं मोल फार आहे.

मधल्या काळात हजारो पत्ते स्वस्तात देणारे फोन यायचे. वडिलांनी ठाम नकार दिला : ज्याला आपण कधी माल तोलून दिला नाही, त्याच्या दारात रोज कशाला उभं राहायचं? तांत्रिक बाजूनेही त्यांचं म्हणणं बरोबर ठरतं. विकतच्या यादीत बंद पडलेले पत्ते असतात, स्पॅम म्हणजे नको असलेली पत्रं पाठवणाऱ्यांना पकडण्यासाठी ठेवलेले सापळ्याचे पत्तेही असतात. ओळख नसलेला माणूस पत्र आलं की ‘स्पॅम’ दाबतो. हा डाग आपल्या डोमेनला, म्हणजे ई-मेल पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाला लागतो आणि मग ज्यांना आपली पत्रं हवी आहेत त्यांचीही पत्रं स्पॅममध्ये जाऊन पडतात.

खरा फरक पडला तो यादी खातेवहीसारखी ठेवल्यावर. प्रत्येक नावापुढे तीन रकाने : काय घेतो, कधी घेतो, शेवटचं कधी घेतलं. नवी हळद फेब्रुवारी-मार्चपासून जोरात येते आणि घरोघरी वर्षाचा मसाला उन्हाळ्यात होतो, म्हणून घरगुती गिऱ्हाइकाला पत्र तेव्हाच. मिठाईवाल्यांना गणपती-दिवाळीच्या बरंच आधी, कारण त्यांची खरेदी आधी ठरते. रमजानसाठी बेदाणा नेणाऱ्यांची तारीख दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकते, ती पंचांग बघावं तशी बघावी लागते. सगळ्यांना एकच पत्र पाठवणं आम्ही बंद केलं. विषयाच्या ओळीतून ‘खास ऑफर’ गेलं आणि ‘नवी राजापुरी पूड : दर आणि अहवाल’ असं साधं आलं (राजापुरी ही हळदीची जात). सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागाच्या मालाची अधिकृत ओळख, मिळालं. ते म्हणजे काय, हे सांगणाऱ्या पत्राला तर परगावच्या गृहिणींची भरपूर उत्तरं आली.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. जीमेलवर दिवसाला ५,००० पत्रं पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क (पत्र खरंच आपल्याच डोमेनवरून आलं हे पटवणाऱ्या तांत्रिक खुणा) तिन्ही बंधनकारक, शिवाय एका क्लिकमध्ये यादीतून बाहेर पडण्याची सोय. आमची पत्रं त्या मानाने किती थोडी! तरीही पुतण्याने स्वतःच्या डोमेनवर हे सगळं बसवून घेतलं, आणि लहान व्यावसायिकाने हे करावंच असं माझं मत आहे. तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली लागतं, ०.१ च्या आत असलं तर उत्तम. म्हणजे हजार पत्रांमागे तिघांनी ‘स्पॅम’ दाबलं की मर्यादा गाठली. म्हणून बाहेर पडण्याचा दुवा आम्ही पत्राच्या वरच्याच भागात ठेवतो. ज्याला जायचं आहे त्याला दार सापडलं पाहिजे.

किती जणांनी पत्र उघडलं, हा आकडा आम्ही आता बघत नाही. तो पत्रातलं चित्र उतरलं की मोजला जातो. २०२१ पासून अ‍ॅपलच्या मेलमध्ये पत्रातली चित्रं आधीच उतरवून घेण्याची सोय आहे, त्यामुळे न वाचलेलं पत्रही वाचलेलं दिसतं. आलेली उत्तरं आणि ऑर्डरी मोजायच्या, बस.

दिवाळीच्या सुमारास सांगली-तासगावचे बेदाणा सौदे काही आठवडे बंद असतात. सगळ्यांची देणी-घेणी मिटवायची, त्याला बाजारात झिरो पेमेंट म्हणतात. याच काळात आम्ही यादी झाडतो. ज्या पत्त्यांवरून पत्र परत आलं, ते लगेच निघतात. दोन हंगाम गप्प असलेल्यांना एकच पत्र जातं : आमची पत्रं हवीत का? उत्तर नाही आलं की नाव काढतो. पहिल्या साफसफाईत यादी जवळपास निम्मी झाली. धाकट्या भावाला ते बघवेना, त्याने चांगला वादही घातला. पण उरलेल्यांकडून पुढच्या हंगामात उत्तरं वाढली तशी त्याची तक्रार थांबली. आता ते काम तोच करतो.

२०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती स्पष्ट हवी आणि ती काढून घेणं देण्याइतकंच सोपं हवं, असं म्हटलं आहे. त्याप्रमाणे काउंटरवरच्या फॉर्मवर बिलासाठीचा ई-मेल आणि दरपत्रकाची संमती अशा दोन वेगळ्या चौकटी केल्या. दुसरी चौकट कोरी असेल तर फक्त बिल जातं. सध्या बेदाण्याच्या यादीचे दोन भाग करायचं काम चाललं आहे, कारण बेकरीवाल्याला बारीक दाणा लागतो आणि सुक्यामेव्याच्या दुकानाला लांबट हिरवा. नवा बेदाणा सौद्यात यायच्या आत ते पुरं करायचं आहे.