झोंबण्यापासून निवण्यापर्यंत : आमची वाटचाल

मिरज स्टेशनजवळच्या आमच्या सलूनमध्ये आरशाखालच्या फळीवर तीन वस्तू कायम असायच्या. पाण्याची वाटी, साबणाचा ब्रश आणि तुरटीचा खडा. दाढी उरकली की वडील गालावर पाणी मारायचे, तुरटी फिरवायचे आणि गिऱ्हाईक डोळे मिटून श्वास आत ओढायचं. कुणी काही बोललंच तर वडिलांचं उत्तर ठरलेलं, "झोंबतंय म्हणजे लागतंय." शाळेतून आल्यावर मी दुकानात नॅपकिन धुवायचो, तेव्हापासून हे वाक्य ऐकत आलो. पुढे दाढीनंतर गालाला लावायचा माल बनवायच्या आमच्या धंद्याची बरीच वर्षं याच एका वाक्याशी भांडण्यात गेली.

मी रसायनशास्त्रात बीएस्सी केली आणि कुपवाड एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत लागलो. मलम बनवायच्या खात्यात सहा वर्षं काढली. घरी यायचो तेव्हा वडिलांचे हात दिसायचे. दिवसभर साबण, पाणी, तुरटी. बोटांची टोकं चिरलेली, थंडीत त्यातून रक्त यायचं. रात्री आई कोकमाचं तेल गरम करून त्या भेगांत भरायची. एकदा ते तेल लावताना वडील म्हणाले, "माझ्या बोटांना एवढं होतंय, तर त्यांच्या गालांना काय होत असंल रे?" मलमांच्या खात्यात बसून हा प्रश्न मला आधी पडायला हवा होता. तो पडला वडिलांना.

दाढीत त्वचेचं काय होतं ते सांगतो, कारण आमचा सगळा माल त्यावर उभा आहे. वस्तरा केसाबरोबर कातडीचा वरचा मेलेला थरही खरवडून नेतो. हा थर साधारण १० ते २० मायक्रॉनचा, केसापेक्षा पातळ. पण अंगातलं पाणी आत आणि बाहेरची घाण बाहेर ठेवायचं काम तोच करतो. त्यात साबणाचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप) ९ ते १० आणि त्वचेचा ५ च्या आसपास. म्हणजे आधी साबणानं कवच सैल केलं, मग पात्यानं ते खरवडलं. अशा कातडीवर स्पिरिटवालं लोशन थापलं की उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंना अंगच्या नेहमीच्या तापमानालाच भाजल्याचा भास होतो. झोंबतं ते यामुळे. त्या झोंबण्यानं जखम भरत नाही, उलट स्पिरिट उडून जाताना कातडी आणखी कोरडी पडते.

२०११ साली नोकरी सोडली आणि पहिला माल तुरटीचाच काढायचं ठरवलं. माहितीतली वस्तू, सलूनवाल्याला समजावून सांगावी लागत नाही. बाजारात तुरटी या एका नावाखाली दोन-तीन वेगळे पदार्थ मिळतात, हे मात्र खरेदीला गेल्यावर कळलं. पाणी निवळायला वापरतात ती वेगळी, अमोनियाची वेगळी आणि दाढीला चांगली ती पोटॅशची. पोटॅशची तुरटी ९२ अंशांच्या आसपास स्वतःच्याच पाण्यात वितळते, तिच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचे बारा रेणू बांधलेले असतात. ते पाणी उडू न देता वितळवून साच्यात ओतली तर वडी काचेसारखी पारदर्शक निघते. आमच्या पहिल्या घाण्यात आच जास्त झाली, पाणी उडालं आणि तुरटीची लाही फुलली. दुसऱ्या वेळी ॲल्युमिनियमचं पातेलं वापरलं, तर तुरटीच्या आम्लानं त्याला काळं करून टाकलं. स्टीलचं भांडं आणि मंद आच यावर आलो तेव्हा कुठं विकण्याजोगी वडी मिळाली.

वडी चालली. पण मला एक गोष्ट खायला उठायची. दुकानात गिऱ्हाईकागणिक नवं अर्धं ब्लेड वस्तऱ्यात घालतात, ही सवय आता गावोगाव रुळलीय. तुरटी मात्र सगळ्यांना तीच. ज्याला कापलंय त्याच्या रक्तावरून फिरलेली वडी पुढच्या गालावर जाते. कावीळ बीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो. हे माहीत असताना मी एकच वडी दहा जणांच्या तोंडावरून फिरवायला देत होतो. म्हणून तुरटीचं पाणी करून फवाऱ्याच्या बाटलीत भरलं, वडीला हात लावायचं कारणच उरू नये. थंड पाण्यातही शंभर मिलिलिटरला चौदा-एक ग्रॅम तुरटी विरघळते. आम्ही पाचच टक्के ठेवली. सलूनला वडी विकणं हळूहळू बंद केलं, आता ती फक्त घरी दाढी करणाऱ्यांसाठी देतो. धंद्याच्या दृष्टीनं त्यात नुकसान झालं, कारण वडी वर्षभर जाणारा माल होता. तरी तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

तुरटी रक्त थांबवते, छिद्रं आवळते. कातडी मऊ करत नाही. ते दुसरं काम कोरफड करेल असं वाटून मी दोन्ही एकाच जेलमध्ये घालायला गेलो. शेतातून ताजी कोरफड आणली, गर काढला, नेहमीच्या पावडरीनं घट्ट जेल बांधलं आणि त्यात तुरटीचं पाणी ओतलं. डोळ्यांदेखत जेलचं पाणी झालं. त्या पावडरीला क्षार चालत नाहीत, हे पुस्तकात वाचलेलं होतं. हातात पातेलं घेऊन उभं राहिल्यावर ते नीट समजलं. नुसत्या कोरफडीच्या बाटल्या भरल्या त्या आठवड्यात आंबल्या, झाकणाखाली बुरशी धरली. चाळीस बाटल्या मी आणि बायकोनं मागच्या परसात ओतल्या. 'परिरक्षक (माल टिकवणारं रसायन) नको, नैसर्गिक हवं' असं म्हणणाऱ्या गिऱ्हाईकाला मी तेव्हापासून शांतपणे सांगतो, पाणी असलेल्या क्रीममध्ये परिरक्षक नसेल तर त्यात जंतू वाढतात आणि ते तुम्ही नुकत्याच सोललेल्या गालाला लावता.

मग दोन कामं वेगळी केली. आधी फवारा, एक मिनिट थांबून गार पाण्यानं तोंड धुवायचं, नॅपकिननं चोळायचं नाही, टिपायचं. आणि गाल ओलसर असतानाच बाम. या बाममध्ये स्पिरिट नाही. ग्लिसरीन पाच टक्के, ते पाणी धरून ठेवतं. कातडी शांत करणारं ॲलनटॉइन अर्धा टक्का, तशाच कामाचं पँथेनॉल, थोडी कोरफडीची पावडर आणि वरून पाणी उडू न देणारा स्निग्ध भाग. आईचं कोकम तेल त्यात आहे. कोकमाचं तेल घरात घट्ट वडीसारखं राहतं आणि गालावर लावताच विरघळतं, चिकट वाटत नाही. स्पिरिट वापरायचं तर उत्पादन शुल्क खात्याचे आणखी कागद लागले असते, तेही वाचलं.

पण कागद थोडके नव्हते. सौंदर्यप्रसाधन बनवायला अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. स्वतःचा कारखाना उभा राहीपर्यंत दुसऱ्याच्या परवानाधारक कारखान्यात लोन लायसन्सवर माल काढला. २०१६ ला कुपवाडला स्वतःची शेड घेतली. प्रत्येक बॅचचा नमुना ४० अंशांवर तीन महिने ठेवतो. सोलापूर-विजापूरकडे मे महिन्यात टेम्पोत माल किती तापतो हे ज्यानं पाहिलंय त्याला हे जास्तीचं वाटणार नाही. पहिल्या उन्हाळ्यात आमचा बाम फुटून तेल वर आलं होतं आणि सगळा लॉट परत घ्यावा लागला होता.

सलूनवाल्यांना पटवणं कारखाना काढण्यापेक्षा अवघड गेलं. बाम लावला की ते म्हणायचे, "काही होतंय असं वाटतच नाही हो." त्यांच्यासाठी मेंथॉल घातलं, तर आधी इतकं पडलं की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मेंथॉलनं कातडी गार होत नाही; गारवा ओळखणारी संवेदना तेवढी जागी होते. आता ते नावाला ठेवलंय, शंभर ग्रॅमला पन्नास मिलिग्रॅम. सुगंधाचं वेगळंच झालं. २०१४ साली जयसिंगपूरच्या एका दुकानातून निरोप आला, एका मुलाचा गाल लाल होऊन सुजलाय. मी स्वतः त्याच्या घरी गेलो, मिरजेतल्या त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन आलो. तपासणीत सुगंधी तेलाची ॲलर्जी निघाली. त्या मुलाच्या आईच्या चेहऱ्यावरची काळजी माझ्या डोळ्यांसमोरून अजून हलत नाही. पुढच्या बॅचपासून बाममधला सुगंध काढून टाकला. विक्री उतरली, सुगंध परत आणला नाही.

त्याच डॉक्टरांनी मला आणखी एक गोष्ट दाखवली. त्यांच्याकडे गाल पातळ पडलेली, लालबुंद शिरा दिसणारी, ऊन लागलं की आग आग होणारी तरुण मुलं यायची. बहुतेकांनी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय घेतलेलं स्टिरॉइडचं मलम दाढीनंतर महिनोन् महिने चोळलेलं. ते लावताच लाली बसते, पुळ्या दबतात, रंग उजळल्यासारखा वाटतो. थांबवलं की सगळं दुप्पट उसळतं. काही सलूनमध्येही ते 'स्पेशल क्रीम' म्हणून लावतात. एका व्यापाऱ्यानं मला तसंच काहीतरी बाममध्ये मिसळून द्यायला सांगितलं होतं, ऑर्डर आमच्या चार महिन्यांच्या मालाएवढी होती. स्टिरॉइड हे औषध आहे, ते सौंदर्यप्रसाधनात घालणं गुन्हा आहे. आणि कायदा नसता तरी मी ते केलं नसतं, इतकं त्या मुलांचे गाल पाहिल्यावर नक्की झालं होतं.

सोमवारी दुकानं बंद असतात, त्या दिवशी आम्ही दहा-बारा कारागिरांना कारखान्यात बोलावू लागलो. शिकवायला वडील. मानेवरच्या बारीक पुळ्या हा त्यांचा आवडता विषय. मानेवर उलटा हात मारला की केस कातडीच्या आत कापला जातो. केस कुरळा असेल तर वाढताना त्याचं टोक वळून परत कातडीत घुसतं आणि तिथे पुळी येते. ती कुठल्याही बामनं जात नाही. सुलटाच हात मारायचा, कातडी ताणायची नाही, गरम नॅपकिननं दोन मिनिटं खुंट मऊ करायचे आणि पुळ्या असतील तिथे आठ-दहा दिवस वस्तराच लावायचा नाही. सतत पू धरत असेल किंवा गोल चट्टा पसरत असेल तर सरळ डॉक्टरकडे पाठवायचं. आपलं गिऱ्हाईक डॉक्टरकडे पाठवायला सांगणारा पहिलाच विक्रेता बघितला, असं एक कारागीर म्हणाला होता. त्यानंतर त्याचं दुकान आमच्याकडेच टिकलं. हिशेबही वडीलच मांडायचे, माझ्यापेक्षा चांगला. शंभर ग्रॅमच्या ट्यूबमध्ये ऐंशी दाढ्या होतात, म्हणजे तेव्हाच्या किमतीत दाढीमागे सव्वा रुपया.

ऑगस्ट २०१९ चा पूर सांगलीकर कधी विसरणार नाहीत. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. कुपवाड उंचावर, आमची शेड वाचली. पण आमच्या पंचवीस-तीस सलूनवाल्यांची दुकानं पाण्याखाली गेली. खुर्च्या, आरसे, माल, सगळं. त्यांच्याकडची उधारी आम्ही सोडून दिली आणि दुकान उघडेल तेव्हा पहिली पेटी तशीच पाठवली. ते सावरतात तोवर मार्च २०२० आला. सलूनं बंद झाली. जूनअखेर राज्यात सलून उघडायला परवानगी मिळाली ती केस कापणं, रंगवणं अशा मोजक्या कामांपुरती, दाढीला मनाई होती. आमचा सगळा माल दाढीचा! कामावरच्या सहा जणांचा पगार द्यायला बायकोनं तिची ठेव मोडली.

त्या दिवसांत लोक घरीच दाढी करायला लागले, वर दिवसभर मास्क. घाम आणि घर्षण, दोन्ही ताज्या खरवडलेल्या गालावर. आम्ही घरगुती वापरासाठी पंधरा ग्रॅमची छोटी ट्यूब काढली आणि औषधांच्या दुकानांत ठेवली. आज निम्मी विक्री त्या ट्यूबची आहे. कराचंही थोडं सांगतो : २०१७ ला जीएसटी आला तेव्हा आमच्या मालावर २८ टक्के होता, त्याच नोव्हेंबरात १८ झाला आणि सप्टेंबर २०२५ पासून ५. किंमत तेवढी उतरवली.

वडिलांनी दुकान आता पुतण्याकडे दिलंय. सकाळी ते कारखान्यात येतात, नव्या बॅचची वाटी पुढं ओढतात, डाव्या गालावर सुलट्या हातानं दाढी करतात आणि बाम लावून दहा मिनिटं गप्प बसतात. बोटांच्या भेगा भरून आल्यात. त्यांनी "निवलं" म्हटलं की आम्ही भरणीची मशीन चालू करतो. गेल्या आठवड्यात ते तसं म्हणाले नाहीत. ग्लिसरीनचा पुरवठादार बदलला होता. ती बॅच अजून बाजूला ठेवलीय, नमुना तपासणीला गेलाय.