सेंट एडन्स: जुन्या कोळसा खाणीतला एक दिवस

चंद्रपूरच्या कोळसा पट्ट्यात तीस वर्षे सर्वेक्षणाचे काम केलेल्या बापाला मुलगी इंग्लंडमध्ये बोलावते आणि पहिल्याच रविवारी पुन्हा खाणच दाखवायला नेते, यावर घरात बराच विनोद झाला. “बाबा, ही खाण तुम्हाला ओळखू यायची नाही,” असे ती म्हणाली होती. मला ती ओळखू आली. मात्र तिथे पोहोचल्यावर पहिला अर्धा तास नव्हे.

लीड्स आणि कॅसलफर्ड यांच्यामध्ये, एअर नदीच्या काठी सेंट एडन्स ही उघडी कोळसा खाण होती. आता तेथे तळी, देवनळाची बेटे आणि कुरणे असून आरएसपीबी ही पक्षिसंरक्षण संस्था त्या जागेची देखभाल करते. मोटार असल्यास ग्रेट प्रेस्टनजवळच्या अ‍ॅस्टली लेनवरून थेट माहिती केंद्रापर्यंत जाता येते. आत फिरण्यासाठी तिकीट नाही, मोटार उभी करण्याचे पैसे मात्र पडतात. आमच्याकडे मोटार नसल्यामुळे आम्ही लीड्सहून आगगाडीने दहा-बारा मिनिटांत वुडल्सफर्डला उतरलो आणि कालव्याच्या काठाकाठाने चालत गेलो. मधल्या वाटेवर खाण्यापिण्याचे काही मिळेल हे गृहीत धरू नये. माझ्या चालीने केंद्रापर्यंत पोहोचायला दीड तास लागला, तोही बऱ्यापैकी सपाट वाटेने; शेवटचा चढ तेवढा दम काढतो.

या वाटेवर लेमनरॉइडचे मोठे लॉक, म्हणजे कालव्यातल्या बोटी एका पातळीच्या पाण्यातून दुसऱ्या पातळीत नेणारे दरवाजे, लागते, तेथे थोडे थांबावे, कारण या जागेची खरी गोष्ट तेथूनच सुरू होते. मार्च 1988 मध्ये नदी आणि खाण यांच्यामधला बांध खचला आणि एअर नदी सरळ खाणीत उतरली. खालच्या अंगाचे पाणी काही काळ उलटे वाहिले, कालव्यावरची वाहतूक तुटली आणि खाणीच्या जागी सुमारे 70 मीटर खोलीचे तळे तयार झाले. खाली कोळसा शिल्लक होता, म्हणून पुढे नदी आणि कालवा सुमारे 3 किलोमीटर लांबीच्या नव्या पात्रात वळवण्यात आले, जुन्या दोन लॉकांच्या जागी हे एकच लॉक बांधण्यात आले आणि खाणीतले पाणी उपसून काम पुन्हा सुरू झाले. या सगळ्याला सुमारे 2 कोटी पौंड लागले आणि उत्खनन 2002 पर्यंत चालले. आजची तळी म्हणजे त्या पुराचेच साचलेले पाणी, अशी अनेकांची समजूत होते. ती चुकीची आहे. तो पूर उपसून काढला गेला आणि ही तळी नंतर जमीन भरून, उतार देऊन, ठरवून तयार केलेली आहेत. काठांचे उतार सर्वेक्षकाच्या नजरेने पाहिले की ते लगेच लक्षात येते.

एप्रिलचा मध्य होता. तळ्यांपाशी पोहोचण्याच्या बऱ्याच आधीपासून कुरवांचा, म्हणजे सीगल पक्ष्यांचा, कल्लोळ ऐकू येत होता, आणि जवळ गेल्यावर तर बोलताना आवाज चढवावा लागला. या कुरवांच्या वस्तीतच काळ्या मानेच्या टिबुकल्या घरटी करतात, कारण शत्रू दिसताच कुरव तुटून पडतात आणि टिबुकल्यांना फुकटचा पहारा मिळतो. इंग्लंडमध्ये हा पक्षी फार थोड्या ठिकाणी वीण करतो, त्यामुळे येथे येणारे बरेच जण त्याच्यासाठीच येतात. दुर्बिणीतून मला त्याचा लालभडक डोळा आणि कानामागचा सोनेरी पिसांचा झुपका स्पष्ट दिसला. बिटर्न हा बगळ्याच्या कुळातला पक्षी मात्र दिसला नाही, फक्त ऐकू आला: कोणी रांजणात तोंड घालून हुंकार द्यावा तसा देवनळातून तीनदा आवाज आला. वारकरी पक्षी तर जागोजागी होते. पांढऱ्या कपाळाच्या या काळ्या पाणपक्ष्याला आपल्याकडे हे नाव कसे पडले असेल, यावर आम्हा बापलेकींचा वाद परतीच्या वाटेपर्यंत पुरला.

वर केंद्राजवळ ‘ऑडबॉल’ उभे आहे, आणि खाण मला ओळखू आली ती येथे. हे सुमारे 1,200 टन वजनाचे बुसायरस एरी 1150 जातीचे ड्रॅगलाइन, म्हणजे दोराने ओढलेल्या प्रचंड बादलीने कोळशावरची माती काढणारे यंत्र आहे. ते अमेरिकेतून आले, तिकडच्या 60 आवर्तनांच्या विजेवर चालणारे होते आणि ब्रिटनची वीज 50 आवर्तनांची, म्हणून त्याला हे ‘विक्षिप्त’ अशा अर्थाचे नाव मिळाले. त्याला चाके नाहीत. दोन्ही बाजूंना लांबलचक लोखंडी पाय आहेत; ते टेकवून यंत्र स्वतःला उचलते, थोडे मागे सरकवते आणि पुन्हा बुडावर बसते. सिंगरौलीला असे यंत्र चालताना मी पाहिले आहे. जमीन पायाखाली धडधडते. मुलीला हे सांगत असताना बाजूच्या गृहस्थांनी यंत्राच्या सांगाड्याकडे बोट दाखवले. एका आडव्या तुळईवर आपल्या पिंगळ्याच्याच कुळातले लिटल आउल डोळे किलकिले करून बसले होते. यंत्राभोवती कुंपण आहे; आत शिरायचे असेल तर स्वयंसेवक ते उघडतात त्या ठरावीक दिवसांची आधी चौकशी करावी.

आमच्याकडे बंद पडलेल्या खाणींत हिरवे पाणी साचते आणि मातीच्या ढिगाऱ्यांवर वेडी बाभूळ माजते. तेथेही वाघ आणि पक्षी येतात, पण आपणहून.

जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी अनुभवाने सांगतो. मोटारीने आल्यास यंत्रापाशी उभे राहून आधी संपूर्ण खोलगट भाग पाहून घ्यावा आणि मगच खाली उतरावे. वाऱ्याला कोठेही आडोसा नाही, त्यामुळे लीड्समध्ये ऊन असले तरी वारा अडवणारे जाकीट हवेच. मी स्वेटरवर गेलो आणि दोन दिवस कानात कापूस घालून बसलो. नदीला पूर आला की खालच्या सखल वाटा पाण्याखाली जातात, म्हणून पावसाळी आठवड्यानंतर वाटांची स्थिती पाहून निघावे. स्वच्छतागृह केवळ माहिती केंद्रात आहे, आणि खालच्या वाटेवर तीन तास काढायचे असल्यास हे लक्षात ठेवलेले बरे. पूर्वेला काही मैलांवर फेअरबर्न इंग्ज आहे, जेथे भुयारी खाणींमुळे जमीन खचून तळी झाली. मोटार असेल तरच दोन्ही एका दिवसात जोडावीत. वुडल्सफर्डहून परतीच्या गाड्या रविवारी विरळ असतात. आमची गाडी चार मिनिटांनी चुकली आणि पुढच्या गाडीपर्यंतचा वेळ आम्ही फलाटावरच्या बाकावर डब्यातली उरलेली थालीपिठे खाऊन काढला.