सेकंदाला दोन अक्षरं

शिकागोचा भाचा मे महिन्यात येऊन गेला आणि जाताना स्वतःचं जुनं जीपीएस यंत्र मला देऊन गेला. डोंगरात भटकणारे नेतात तसलं, मुठीत मावणारं. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातलाच मी ते घेऊन पुण्यातल्या आमच्या गच्चीत. आई प्लास्टिकवर कुरडया घालत होती.

बटण दाबलं. पाच मिनिटं झाली, तरी यंत्राचं आपलं शोधणं चालूच.

"काय हरवलंय रे?"

"मी कुठे आहे ते बघतोय."

"गच्चीत आहेस. तो सोऱ्या दे इकडे."

यंत्राचा तरी काय दोष? त्याच्या लेखी ते अजून शिकागोतच होतं. तिथल्या आकाशात जे उपग्रह असायला हवेत, त्यांच्यासाठी कान लावून बसलेलं. आणि त्यातले बरेचसे तर आमच्या क्षितिजाखाली. हो, कानच. हे यंत्र उपग्रहाला काही विचारत नाही, नुसतं ऐकतं. तेही २०,२०० किलोमीटरवरून, एखाद्या दिव्याएवढ्या ताकदीनं निघालेलं.

शेवटी त्यानं शिकागोचा नाद सोडला असावा, कारण पडद्यावर पोकळ पट्ट्या उगवल्या. पोकळ म्हणजे उपग्रहाचा आवाज लागला, मजकूर उतरवून घेणं चालू आहे. खरी गंमत इथे आहे. आपण स्वतः नेमके कुठे आहोत हे उपग्रह सांगतो सेकंदाला ५० बिट या वेगानं. संगणकात आपलं देवनागरी अक्षर साधारण २४ बिटांचं, म्हणजे सेकंदाला जेमतेम दोन अक्षरं! आमचे मास्तर श्रुतलेखन याहून भरभर घालायचे. हा मजकूर सांगायला १८ सेकंद लागतात, आणि तो दर ३० सेकंदांनी पुन्हा येतो. मधला तुकडा निसटला, तर तो परत येईपर्यंत थांबा. सगळ्या उपग्रहांचं ढोबळ पंचांग हवं असेल तर साडेबारा मिनिटं. पहिला जीपीएस उपग्रह १९७८ सालचा. तेव्हा बसवलेली ही चाल अजून चालू आहे.

आणि मी काय करत होतो? अधीरपणे गच्चीत येरझाऱ्या. पाण्याच्या टाकीच्या आडोशाला गेलो की श्रुतलेखनातली ओळ गळलीच. मग कठड्यावर यंत्र ठेवलं आणि गप्प उभा राहिलो.

मोबाइलला हे कष्ट नाहीत. तो हाच मजकूर मोबाइलच्या नेटवर्कवरून क्षणात उतरवून घेतो. सरळ शेजाऱ्याच्या वहीतून कॉपी! नेटवर्क नसलेल्या घाटात तो अचानक मठ्ठ होतो, त्याचं कारण हेच.

एक पट्टी भरली. दुसरी. तिसरी. चौथी भरली तेव्हा आईच्या तीन ओळी घालून झाल्या होत्या. पडद्यावर ठिकाण उमटलं: उंची ५६० मीटरच्या आसपास, म्हणजे पुणंच.

घड्याळ मात्र भाच्यानं लावून ठेवलेलं: आदल्या रात्रीचे साडेआठ.